इंजिनाची आंघोळ

खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तोच, अलादीनच्या दिव्यासारखा दिसणारा. गाडी बाजूला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर दिवा गायब. म्हटलं सेन्सर गंडला असेल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा पहिला संशय नेहमी सेन्सरवर. पुन्हा चढाला लागलो, ॲक्सिलरेटर दाबला, की पुन्हा दिवा, आणि या वेळी बॉनेटखालून शिलाई मशिनसारखी टकटक. शेजारच्या सीटवर आई होती. ती शांतपणे म्हणाली, "बंद कर आणि बाबांना फोन लाव."

तिचं ऐकलं म्हणून इंजिन वाचलं.

गाडी २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि मी तिचा तिसरा मालक. आधीच्या दोघांनी काय केलं, ऑइल कधी बदललं, बदललं की नाही, याचा एक कागदही माझ्याकडे नव्हता. या प्रसंगाच्या नऊ दिवस आधी पुण्यात एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सेकंडहँड गाडी आहे, आत गाळ असणारच. इंजिन फ्लश मारून घ्या, साडेसातशे फक्त. इंजिन आतून एकदम नवीन." चार वर्षं मेकॅनिकल शिकून, त्यानंतर सहा वर्षं कोड लिहून, मी 'बरं' म्हणालो. आंघोळ कोणाला नको असते?

गाडी टेम्पोवर चढवून कराडला नेली. बाबांच्या ओळखीचे मिस्त्रीकाका आहेत, वय सत्तरच्या आसपास, अजून स्वतः गाडीखाली जातात. त्यांनी आधी बॉनेटही उघडलं नाही. फक्त विचारलं, "उभी असताना दिवा नाही, आणि रेस केली की दिवा?" मी हो म्हटलं. "जाळी चोक आहे." मग त्यांनी खालचं चेंबर उतरवलं. ऑइल पंप जिथून तेल ओढतो त्या नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीएवढी जाळी असते. ती काळ्या पापुद्र्यांनी भरली होती. करपलेल्या दुधाचं पातेलं घासताना निघतात तसले पापुद्रे. इंजिन सावकाश फिरत होतं तोवर पंपाला कसंबसं पुरेसं तेल मिळत होतं. वेग वाढला की पंप जास्त मागायचा आणि जाळी देऊ शकायची नाही.

"फ्लश मारलास का रे?"

मी मान हलवली.

"आम्हीपण मारायचो. ॲम्बेसिडर, पद्मिनी, जीप. जुनं ऑइल काढायचं, डिझेल ओतायचं, दोन मिनिटं इंजिन फिरवायचं, काढून टाकायचं. काळंकुट्ट पाणी निघायचं, गिऱ्हाईक खूश."

"मग बंद का केलंत काका?"

"दोन इंजिनं बसली. मग बंद केलं."

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचायला बसलो. डोक्यात प्रश्न एवढाच होता की ही इतकी धोक्याची गोष्ट असेल तर ती पहिल्यांदा सुचली कोणाला? उत्तर एखाद्या चलाख बाटलीविक्यापाशी सापडेल असं वाटलं होतं. ते सापडलं मोटार बनवणाऱ्या कंपनीच्याच पुस्तिकेत.

*

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टी नावाच्या दीड कोटीहून जास्त गाड्या बनवल्या. गाडीबरोबर मालकाला एक पुस्तिका मिळायची, प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्यात ऑइल बदलण्याची कृती दिली आहे. नवी गाडी ४०० मैल चालली की तेल काढा, नंतर दर ७५० मैलांना, म्हणजे साधारण १२०० किलोमीटरला. आणि तेल काढल्यावर लगेच नवं ओतायचं नाही. आधी एक गॅलन रॉकेल ओतायचं, हँडलने इंजिन पंधरा-वीस वेळा हाताने फिरवायचं म्हणजे रॉकेल आत सगळीकडे उडून इंजिन स्वच्छ होईल, मग ते काढून टाकायचं. तळातल्या खोलगट जागांमध्ये रॉकेल साचून राहू नये म्हणून गाडी थोड्या चढावर, साधारण फुटपाथच्या कडेइतक्या उंचीवर, उभी करायची. सूचना इतकी बारीक आहे की लिहिणाऱ्याने हे काम स्वतःच्या हाताने केलं असणार असं मला वाटतं.

(रॉकेल हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की तो 'रॉक ऑइल'वरून आला हे लक्षातच राहत नाही. खडकातून निघालेलं तेल. १८५९ साली एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियात जी विहीर खणली तिच्यामागे ज्या कंपनीचा उद्योग होता, तिच्या नावातच 'रॉक ऑइल' होतं. अमेरिकेतलं ते नाव विसरलं गेलं. आपल्याकडे ते रेशनकार्डावर येऊन बसलं.)

मॉडेल टीच्या मालकाला रॉकेलची आंघोळ का घालावी लागत होती हे समजायला त्या इंजिनाच्या पोटात डोकावायला हवं. त्यात ऑइल पंप नव्हता. ऑइल फिल्टर नव्हता. हवेचा फिल्टरही नव्हता, आणि रस्ते बहुतांश मातीचे. फ्लायव्हील फिरताना तळातलं तेल वर उडवायचं आणि ते जिथे पडेल तिथे पडायचं. गिअरबॉक्सही त्याच तेलात. गिअर बदलणारे पट्टे सुती कापडाचे असायचे, ते झिजले की कापसाचे तंतू तेलात. पेट्रोल हलक्या प्रतीचं, थंडीत नीट जळायचं नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली तेलात मिसळायचं. म्हणजे धूळ, काजळी, कापूस, पेट्रोल, पाणी आणि धातूचा कीस असं सगळं तळाला बसायचं.

आणि ते बसतच असे, कारण त्या काळच्या तेलाला ते उचलून धरता येत नव्हतं. तेव्हाचं मोटार ऑइल म्हणजे नीट गाळलेलं खनिज तेल, बाकी काही नाही. घसरवण्याचं काम ते करायचं. घाण मात्र पातेल्यात खाली बसणाऱ्या साक्यासारखी खाली बसायची आणि नळ उघडल्यावर वरचं तेल निघून जायचं, साका तसाच.

अशा इंजिनात रॉकेल हा अगदी योग्य उपाय होता. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पंप नाही, जाळी नाही, पुढच्या भागाला तेल नेणारी एक नळी सोडली तर सुटलेली घाण अडकायला त्या इंजिनात जागाच नव्हती. शिवाय इंजिन हाताने फिरवायचं होतं, स्फोट होत नव्हते, कुठल्याही बेअरिंगवर भार नव्हता. माझ्या गॅरेजवाल्याने आणि पूर्वीच्या मिस्त्रीकाकांनी केलं त्यात रॉकेलचा गुण शिल्लक होता. सावधगिरी मात्र गळून पडली होती.

*

१९२०च्या दशकात गाड्या बदलल्या. पंपाने दाब देऊन, बारीक भोकांमधून बेअरिंगपर्यंत तेल पोचवणारी इंजिनं सर्रास झाली. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्ग यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर बनवला. त्याचं नाव प्युरोलेटर, 'प्युअर ऑइल लेटर' या तीन शब्दांचं कडबोळं. १९२४च्या क्रायस्लर गाडीत तो पहिल्यांदा आला. तरीही फिल्टर बराच काळ ऐच्छिक वस्तू होती, आणि सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडासाच भाग गाळायचे.

याच सुमाराला रॉकेलविषयी कुरबुर सुरू झाली. दाबाने तेल फिरवणाऱ्या इंजिनाच्या नळ्यांमध्ये रॉकेल मागे राहतं आणि नवं तेल पातळ करतं. मग तेल कंपन्यांनी खास पातळ 'फ्लशिंग ऑइल' विकायला काढलं आणि पेट्रोल पंपावर ते भरून, इंजिन थोडं फिरवून, काढून देण्याची सेवा सुरू झाली. १९२३ सालीच बर्ट पियर्स नावाच्या माणसाने मार्व्हल मिस्ट्री ऑइल नावाचं लालसर द्रव्य बाजारात आणलं. मूळ हेतू कार्बुरेटरची बारीक भोकं साफ करण्याचा. ते आजही मिळतं आणि त्याच्या नावात अजून रहस्य आहे.

रहस्य विकायला सोपं असतं. इंजिनाचं पोट बंद असतं, मालकाला आत काय चाललंय ते दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त बाहेर आलेलं काळं पाणी.

*

या गोष्टीतलं खरं वळण मोटारीत घडलंच नाही, ते ट्रॅक्टरात घडलं. १९३१ साली कॅटरपिलर कंपनीने डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेल इंजिन जास्त तापतं, जास्त काजळी करतं. त्या वेळच्या उत्तमातल्या उत्तम तेलावरही काही शे तासांत पिस्टनच्या रिंगा आपल्या खाचांमध्ये चिकटून बसायला लागल्या. रिंगेचं काम दाबलं जाऊन भिंतीला टेकून राहण्याचं. तीच कार्बनच्या राळेत थिजली तर वायू खाली निसटतात, ताकद जाते, तेल जळतं. शेतकऱ्याचा नांगर ऐन हंगामात उभा राहतो.

तेल अधिक चांगलं गाळून हा प्रश्न सुटेना. कॅटरपिलर आणि कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल, म्हणजे आजची शेव्हरॉन, यांनी मिळून वेगळी वाट धरली. तेलात धातूचा साबण मिसळायचा. १९३५ साली असं तेल विक्रीला आलं, ॲल्युमिनियमच्या नॅफ्थेनेट साबणाचं. त्याचं नाव डेलो, 'डिझेल इंजिन ल्युब्रिकेटिंग ऑइल'ची अक्षरं जोडून. तेलाने फक्त घसरवायचं नाही, धुवायचंही, ही कल्पना इथून रूढ झाली. या द्रव्याला डिटर्जंट म्हणायला लागले.

शब्द थोडा फसवा आहे. कपड्याच्या साबणासारखं ते जुना डाग घासून काढत नाही. ते मुख्यतः डाग पडू देत नाही. कणाला एका टोकाने धरायचं, दुसरं टोक तेलात ठेवायचं, म्हणजे कण तरंगत राहतो आणि ऑइल बदलताना तेलाबरोबर निघून जातो. आजच्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. ज्वलनातून तयार होणारं आम्ल ते ॲसिडिटीवरच्या गोळीसारखं मारतात. पुढे १९५०-६०च्या दशकांत त्याच्या जोडीला डिस्पर्संट आलं, धातूविरहित. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत हे त्याचं काम. या दोघांनी मिळून मॉडेल टीच्या रॉकेलचं काम स्वतःकडे घेतलं. इंजिन चालू असताना, रोज, थोडं थोडं.

याचा एक परिणाम असा झाला की चांगलं तेल लवकर काळं व्हायला लागलं. आधीच्या पिढीला हे पचायला जड गेलं. त्यांच्या हिशेबात काळं तेल म्हणजे खराब तेल. आता काळं तेल म्हणजे घाण भिंतीवर न बसता तेलात आहे, आणि नळ उघडला की बाहेर जाणार आहे. आमच्या बाबांना मी हे आजवर तीनदा समजावलं आहे.

*

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने आपल्या वाहनांसाठी अशा 'हेवी ड्यूटी' तेलाचे मापदंड ठरवले. युद्ध संपलं, सैनिक घरी आले, तेल नागरी पंपांवर आलं. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे डब्यावर आपण जे 'एपीआय' वाचतो त्यांनी, मोटार ऑइलचे तीन वर्ग केले : रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. रेग्युलर म्हणजे साधं तेल, प्रीमियममध्ये तेल आंबू न देणारी द्रव्यं, हेवी ड्यूटीत त्यांच्या जोडीला डिटर्जंट.

आणि इथे मला माझीच जाळी दिसली.

वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेल्या जुन्या गाडीत अचानक डिटर्जंटवालं तेल घातलं तर काय होईल? आत जागोजागी बसलेला गाळ सुटा होईल, वाहत खाली येईल आणि पंपाच्या जाळीवर जमा होईल. युद्धानंतरच्या काळात ही भीती अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये इतकी पसरली की 'जुन्या इंजिनात डिटर्जंट ऑइल घालू नये' हा सल्ला म्हणीसारखा झाला. विंटेज गाड्यांची हौस असणारे लोक आजही त्यावर भांडतात. शहाणे मिस्त्री तेव्हा सांगायचे की आधी चेंबर उतरवा, हाताने गाळ काढा, जाळी धुवा, मग नवं तेल घाला, आणि पहिले दोन-तीन वेळा ते लवकर बदला. काकांनी माझ्या गाडीला दिलेला उपचार नेमका हाच होता. त्यांनी तो कुठे वाचला नव्हता.

त्या भीतीत तथ्य होतं, पण दोष तेलाचा नव्हता. वर्षानुवर्षं साठलेली गोष्ट एका झटक्यात सुटी करण्यात धोका आहे. आमच्या धंद्यातही जुना कोड एका रात्रीत 'साफ' करून शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकणारा एक तरी वीर प्रत्येक टीममध्ये असतो. तो वीर मीही होतो.

*

तेल धुवायला लागलं तर मग गाळ संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण आपण गाडी चालवायची पद्धत बदलली. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवरून खाली निसटतं. इंजिन पूर्ण तापलं तर ते उडून जातं. पण रोज चार-सहा किलोमीटर, तेही सिग्नल टू सिग्नल, अशा वापरात तेल पुरतं गरम होतच नाही. पाणी, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि आम्लं मिळून तेलाचं लोणी होतं. हिंजवडीला कंपनीच्या गेटपासून हायवेपर्यंत पाऊण तास रांगणाऱ्या गाड्या बघितल्या की मला हल्ली त्यांच्या पोटातलं लोणी दिसतं.

त्यात हवेच्या प्रदूषणाची भर पडली. आधी इंजिनाच्या पोटातले वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा शोध घेताना या वायूंवरही बोट आलं, आणि १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात, १९६३पासून साऱ्या अमेरिकेत, ते पीसीव्ही नावाच्या झडपेतून परत इंजिनात जाळायला पाठवू लागले. झडप नीट चालली तर पोट अधिक स्वच्छ राहतं. ती तुंबली तर गाळ भराभर वाढतो. सुरुवातीच्या वर्षांत ती पुष्कळ तुंबली, कारण ती बदलायची असते हे मालकांना ठाऊकच नव्हतं. पुढे १९८०च्या दशकात युरोपात 'ब्लॅक स्लज'ने तेल कंपन्यांची झोप उडवली, आणि १९८९च्या आसपास एपीआयचा 'एसजी' वर्ग गाळाच्या अधिक कडक चाचणीसह आला.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण त्यानंतरचं आहे. १९९७ ते २००२ या काळात बनलेल्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांमधल्या दोन इंजिनांत, २.२ लिटरच्या चार सिलिंडरमध्ये आणि ३ लिटरच्या व्ही-६मध्ये, गाळ साचून इंजिनं बसल्याच्या तक्रारी आल्या. संबंधित गाड्यांची संख्या सुमारे ३३ लाख. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं होतं की मालकांनी वेळेवर ऑइल बदललं नाही. मालक पावत्या घेऊन उभे राहिले. ज्यांच्याकडे पावत्या होत्या ते भांडू शकले. जे घरीच ऑइल बदलत होते, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. २००२ साली कंपनीने विशेष योजना जाहीर केली आणि गाडीच्या पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत गाळाच्या नुकसानीची जबाबदारी घेतली. प्रकरण क्लास ॲक्शन दाव्यापर्यंतही गेलं. इंजिनाच्या हेडमधली उष्णता आणि पोटातले वायू बाहेर काढायची रचना यांकडे टीकाकारांनी बोट दाखवलं.

मला यात खटकतं ते पावत्यांचं. गाळ हा इंजिनाचा इतिहास असतो, आणि तो कोणी घडवला हे बाहेरून कळत नाही. बनवणाऱ्याने, पहिल्या मालकाने, स्वस्त तेल विकणाऱ्याने, की ट्रॅफिकने? जो शेवटचा मालक असतो त्याच्या हातात इंजिन थांबतं. अशा माणसाला कोणी म्हणालं की साडेसातशे रुपयांत मागचं सगळं धुऊन देतो, तर तो हो म्हणणारच.

*

त्या बाटलीत काय असतं? बहुतेक कंपन्यांच्या सुरक्षा-माहितीपत्रकात पहिलं नाव रॉकेलच्या जातीच्या हलक्या पेट्रोलियम द्रावकाचं असतं, जोडीला डिटर्जंट. म्हणजे मॉडेल टीचं रॉकेल आणि कॅटरपिलरचा साबण एकाच बाटलीत. तीनशे-चारशे मिलिलिटर जुन्या तेलात ओतायचं, इंजिन उभ्या जागी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं, मग सगळं काढायचं. साडेतीन लिटर तेलात ३०० मिलिलिटर हे प्रमाण तसं सौम्य आहे. डिझेलच्या आंघोळीशी त्याची तुलना नको. आपल्याकडच्या डिझेलची दाटी ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक असते आणि ५डब्ल्यू-३० ऑइलची साठच्या आसपास. नुसत्या डिझेलवर इंजिन फिरवणं म्हणजे बेअरिंगला चपलेशिवाय डांबरी रस्त्यावर पळवणं.

तरीही जनरल मोटर्सच्या मालक-पुस्तिकांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की इंजिन ऑइल फ्लशची शिफारस आम्ही करत नाही आणि त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसणार नाही. शंभर वर्षांपूर्वी डेट्रॉइटनेच सांगितलेली आंघोळ डेट्रॉइटच नको म्हणतं, यात विसंगती नाही. मधल्या काळात इंजिनात अडकायच्या जागा वाढल्या. व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या बारीक जाळ्या, टर्बोला तेल नेणारी काडीएवढी नळी, हायड्रॉलिक टॅपेट. काही इंजिनांत तर टायमिंग बेल्टच तेलात बुडालेला असतो आणि त्याच्या रबराला द्रावक सोसत नाही.

सगळे बाटलीवाले लबाड आहेत असं मला म्हणायचं नाही. दाव्यांच्या बाबतीत मात्र हा धंदा पूर्वीपासून सैल आहे. १९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एसटीपी कंपनीकडून ५ लाख डॉलर घेतले, त्यांच्या मिश्रणाने ऑइलचा खप कमी होतो या जाहिरातींवरून. ते मिश्रण फ्लश नव्हतं, त्याच दुकानातल्या शेजारच्या फळीवरचं होतं.

माझं मत विचाराल तर असं. इंजिनाचा इतिहास माहीत असेल, ऑइल वेळेवर बदललेलं असेल, तर फ्लशने फार बिघडत नाही आणि फार सुधारतही नाही, कारण धुवायला आत विशेष काही नसतंच. आत खरोखर थर असेल तर तोच फ्लश जुगार होतो. ज्याला गरज नाही त्याला तो चालतो, आणि ज्याला गरज आहे त्याला तो मारू शकतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पैसे द्यायच्या आधी ऑइल ओतायचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. सोनेरी-तपकिरी धातू दिसला तर ठीक. काळी पेस्ट दिसली तर बाटली राहू द्या, मिस्त्रीला चेंबर उतरवायला सांगा. मी झाकण उघडलं नव्हतं.

*

काकांनी चेंबर घासलं, जाळी धुतली, टॅपेट कव्हर उघडून वरचा थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. "पत्र्याने खरवडायचं नाही, कीस पडतो." बेअरिंग बघितली, बचावली होती. नवं ऑइल, नवा फिल्टर. वर बजावलं, "हजाराला आण. मग अडीच हजाराला. मग पाच. महाग ऑइल नको, डब्यावरचा ग्रेड बघून साधं घे, पण बदल."

"आणि फ्लश?"

"हाच फ्लश. सावकाशीचा."

हजार किलोमीटर व्हायला पाच आठवडे लागले. कराडला गेलो तेव्हा बाबांनी माझ्या आधीच डिपस्टिक ओढून काढली होती. जुन्या बनियनच्या तुकड्याला पुसून त्यांनी तो तुकडा माझ्यासमोर धरला. कोळशासारखा काळा.

"नवीन घातलं होतं ना? फसवलं काय यानं?"

काका गाडीखाली होते. तिथूनच ओरडले, "काळं व्हायलाच घातलंय, दादा!"

नळ उघडला. तेल निघालं, आणि त्यात या वेळी पापुद्रे नव्हते, तळाला बोटाला लागेल इतकी बारीक रेव होती. काकांनी ती अंगठ्यावर चोळून बघितली आणि काही बोलले नाहीत. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर आधीची नोंद होती, तिच्याखाली तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि 'थोडी रेव' एवढं लिहिलं. बाबांनी वही हातात घेऊन वाचली, आणि पेन मागून 'थोडी' हा शब्द खोडला.